आधी डोळे, मग बंदूक

घरातली दोन माणसं भांडत नाहीत, रुसत नाहीत आणि तरीही एकमेकांशी बोलत नाहीत, असं कितीतरी घरांत चालतं. फुनाबाशीच्या कुरातांकडे ते एप्रिलपासून चाललं होतं. मोरियो कुराता हे कागदी पेले बनवणाऱ्या कंपनीत विभागप्रमुख. सहा वर्षं दूर फुकुओकाच्या शाखेत एकटे राहून ते नुकतेच परतले होते. कंपनीने पाठवलं, हे गेले. बायको आणि मुलगी मागे राहिल्या. अशा बदल्या आमच्याकडे इतक्या सर्रास होतात की त्याबद्दल कुणी हळहळतही नाही. ते गेले तेव्हा मुलगी, तोमोने तिचं नाव, चौदा वर्षांची होती. परतले तेव्हा वीस वर्षांची होऊन कॉलेजात जात होती, आणि तिच्याशी काय बोलावं हेच बापाला सुचत नव्हतं.

सकाळी ती "जाते" म्हणायची, हे "ये जाऊन" म्हणायचे. संध्याकाळी ती "आले" म्हणायची, हे "आलीस का" म्हणायचे. दिवसभरातलं बोलणं ते एवढंच.

सप्टेंबरातल्या एका संध्याकाळी जेवताना तोमोने आईजवळ कुरकुरत होती. येत्या रविवारी याचिमाताच्या रानात एअरसॉफ्ट खेळायला जायचं म्हणून तिने दोन जागा नोंदवल्या होत्या, आणि मैत्रिणीने ऐन वेळी टांग दिली होती. एअरसॉफ्ट म्हणजे खऱ्यासारख्या दिसणाऱ्या बंदुकांतून प्लॅस्टिकचे बारीक छर्रे झाडत, झाडाझुडपांत लपतछपत खेळायची लुटुपुटूची लढाई. आमच्या चिबा भागात अशी रानं गावोगाव आहेत.

"एकटीने काय जायचं तिथे," तोमोने म्हणाली.

"मी येतो," सूपच्या वाटीतून डोकं वर न काढता कुराता म्हणाले. आपण हे बोललो यावर त्यांचा स्वतःचाच विश्वास बसेना.

तोमोनेने फोनमधून मान वर केली. "तू? बाबा, तुला जिना चढताना धाप लागते."

"उतरताना नाही लागत."

बायको सातोए हसली, आणि मुलगीही हसली. "बरं, चल मग," ती म्हणाली. "पण मलाही काही येत नाही हं. आपण दोघंही नवखे."

कुरातांनी मान डोलावली आणि वाटी तोंडाला लावली. हा रविवार हातचा घालवायचा नाही, एवढंच त्यांच्या मनात होतं. आपल्यामुळे पोरीला चारचौघांत खाली बघावं लागलं, तर ती पुन्हा कधी "चल" म्हणणार नाही, ही भीतीही होती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्यांनी ओनुकीला गाठलं. ओनुकी हा विक्री विभागातला पस्तिशीचा गडी. महिन्याचा एक रविवार याच रानात घालवायचा आणि उरलेले दिवस त्याच्या गोष्टी सांगायचा. त्याच्या टेबलावर त्याचा स्वतःचा, नखशिखान्त लष्करी थाटातला फोटो होता. साहेब आपल्याकडे सल्ला मागायला आले म्हटल्यावर तो असा फुलला की विचारू नका.

"साहेब, एकच सांगतो. भाड्याचं काही घ्यायचं नाही. तिथे भाड्याच्या प्रत्येक वस्तूला पिवळी पट्टी चिकटवलेली असते. लांबूनच कळतं, आला नवखा. कपाळावर पाटी लावून फिरल्यासारखं."

"मुलगी असेल हो बरोबर."

"मग तर नाहीच. पोरीसमोर बापाची काय शोभा राहील?"

बुधवारी ऑफिस सुटल्यावर दोघं अकिहाबारातल्या एअरसॉफ्टच्या सामानाच्या एका दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलीने आधी विचारलं, "पहिल्यांदाच खेळणार का? मग डोळ्यांपासून सुरुवात करू या. चष्मा लागतो का कुणाला?"

"मला वाचताना लागतो, तेवढाच."

"आणि दुसऱ्या व्यक्तीला?"

"मुलीला? छे. तिचे डोळे चांगले आहेत," कुराता ठामपणे म्हणाले.

काउंटरवरच्या मुलीने दुहेरी काचेचा, आत चिमुकला पंखा असलेला गॉगल काढून समोर ठेवला. दमट हवेत काचेवर धुकं धरत नाही, असं ती सांगत होती, तोवर ओनुकीने तिचं बोलणं उडवून लावलं. "गॉगलकडे कोण बघतंय, साहेब? रानात माणूस ओळखतात तो बंदुकीवरून. इकडे या."

मग काय, खरेदीला ऊत आला. दोन लांबलचक बंदुका घेतल्या. चट्ट्यापट्ट्यांचे दोन पोशाख घेतले. खिसेच खिसे असलेली दोन जाकिटं घेतली, ज्यांच्या निम्म्या खिशांत काय ठेवायचं हे ओनुकीलाही सांगता येईना. गॉगल सगळ्यात शेवटी आठवले. ते गल्ल्याजवळच्या टोपलीतून उचलले, एका काचेचे, बिनपंख्याचे, दोन.

वाचकहो, हसू नका. नवी कोरी दुचाकी घरी आणायची आणि हेल्मेट मात्र रस्त्याकडेच्या ढिगातून उचलायचं, अशी माणसं तुम्ही-आम्ही सगळ्यांनीच पाहिली आहेत. काहींनी तर रोज सकाळी आरशात पाहिली असतील. जे चारचौघांच्या नजरेत भरतं त्यावर आपण जीव ओवाळून टाकतो, आणि जे जीव राखतं त्याला म्हणतो, कुठलंही चालेल.

रविवारी सकाळी तोमोने गाडीत येऊन बसली, तेव्हा तिच्या डोळ्यांवर काळ्या चौकटीचा चष्मा होता.

"हे काय? चष्मा?"

"रोज लेन्स घालते ना मी. आज धुळीत नको म्हटलं."

"तुला कधी लागला?"

"हायस्कूलच्या दुसऱ्या वर्षी."

सिग्नल हिरवा झाला तरी कुरातांचं लक्ष नव्हतं. मागच्या गाडीने हलकेच भोंगा वाजवला. "आई काही बोलली नाही," ते म्हणाले.

"बोलली असेल की फोनवर. तू मीटिंगमध्ये असशील." तिच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, इतकं ते त्यांना लागलं.

मागच्या डिकीतल्या दोन गॉगलांची त्यांना आठवण झाली. चष्म्यावर ते बसतील का? विचारावंसं वाटलं. पण विचारलं असतं तर दुकानातली ती ठाम "छे" कबूल करावी लागली असती. त्यांनी रेडिओ लावला.

याचिमाताला भुईमुगाची काढणी चालू होती. शेतांत उपटलेल्या वेलांचे ढीग रचलेले होते, आणि त्यांच्या पलीकडे देवदाराची दाट राई. तेच खेळाचं रान. रानाची मालकीण इशिगेबाई म्हणजे अडुसष्ट वर्षांची, पायात रबरी बूट, गळ्यात टॉवेल आणि टॉवेलवर शिट्टी. तीन दिवसांपूर्वीच वादळ येऊन गेलं होतं. हवा अशी चिकट होती की सकाळी नऊलाच सदरे पाठीला चिकटले होते.

चाळीसेक माणसं मांडवाखाली जमली. इशिगेबाईंनी नियम सांगितले. "छर्रा लागला की स्वतः ओरडायचं, हिट. हात वर करायचा आणि मांडवात परत यायचं. लागलेलं समोरच्याला दिसत नाही, ज्याला लागतं त्यालाच कळतं. म्हणून इथे पंच नाहीत, तुमच्या शब्दावर खेळ चालतो. आणि रानात गॉगल काढायचा नाही. नाक खाजलं तरी नाही."

मग त्या एकेकाचं सामान तपासत निघाल्या. कुरातांच्या बंदुकीवर त्यांनी कौतुकाने हात फिरवला. गॉगल हातात घेतला तेव्हा मात्र त्यांचा चेहरा उतरला.

"हा फुटायचा नाही, पण धुकं धरणार. आज हवा बघताय ना? आणि पोरीला चष्मा आहे. माझ्याकडे भाड्याचे आहेत, तोंडभर झाकणारे, पंखेवाले. चष्म्यावरही बसतात. घ्या दोन."

त्यांनी दाखवलेल्या पेटीत काळे मुखवटे होते आणि प्रत्येकाच्या कपाळावर पिवळी पट्टी होती. कुरातांच्या मागे ओनुकी उभा होता, त्याचाही महिन्याचा रविवार नेमका हाच.

"नको, आम्हाला हेच चालतील," कुराता म्हणाले. आम्हाला म्हणाले, पण मुलीला विचारलं नाही.

इशिगेबाईंनी तोमोनेकडे पाहिलं. "तुला ग?"

तोमोनेने बापाकडे पाहिलं. मग त्या नव्या जाकिटाकडे, नव्या बंदुकीकडे. "चालेल मला," ती म्हणाली.

या "चालेल"ने आमच्याकडे किती घोटाळे केले आहेत! आपली अडचण सांगितली तर दुसऱ्याला त्रास होईल, म्हणून तोंड मिटून बसायचं, आणि त्यालाच चांगलं वळण म्हणायचं. ऑफिसात तेच, शाळेत तेच, घरातही तेच. इशिगेबाईंनी तेव्हाच खडसावायला हवं होतं. पण त्याही इथल्याच. पाहुण्याला चारचौघांत दोनदा टोकणं त्यांना जमलं नाही. ती चूक त्यांनी पुढे आपणहून कबूल केली.

दोन तुकड्या झाल्या, लाल आणि निळी. ओनुकीने साहेबांना आपल्या लाल तुकडीत ओढलं. तोमोने निळ्यात गेली.

पहिल्या डावात कुराता शंभर पावलं धावले आणि काच पांढरी झाली. एका खोडाला टेकून ते उभे राहिले. मांडीवर टप्पकन काहीतरी लागलं. "हिट," ते ओरडले आणि हात वर करून चाचपडत बाहेर आले. गंमत म्हणजे त्यांना मजा वाटली. दुसऱ्या डावातही तेच झालं. मांडवात काच पुसताना त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. कुणीच काही बोलत नव्हतं, तेव्हा तेही बोलले नाहीत. लांबून तोमोनेने हात हलवला. तीही काच पुसत होती.

तिसरा डाव सुरू झाला. राईच्या मधोमध चाकं काढलेला एक जुना छोटा ट्रक आडोशाला ठेवला होता. ओनुकी कुरातांच्या कानाशी लागला. "साहेब, ट्रकच्या मागे निळा आहे एक. बसलाय खाली. मी इथून दबा धरतो, तुम्ही उजवीकडून जा. तुमचा पहिला बळी."

कुराता वाकून निघाले. काचेच्या कडांना धुकं चढत होतं, मधे तळहाताएवढी जागा तेवढी स्वच्छ होती. त्या जागेतून त्यांना ट्रकच्या कडेपलीकडे एक वाकलेला आकार दिसला. हात होते, डोकं होतं. त्यांनी बंदूक उचलली आणि चाप ओढला. फटफटफट असे सात-आठ छर्रे गेले.

"हिट" असा आवाज आला नाही. "आई ग" असा आला.

तो आवाज कुणाचा, हे कळायला बापाला काच स्वच्छ असण्याची गरज नव्हती. बंदूक तिथेच टाकून ते धावले. इशिगेबाईंची शिट्टी कर्कश्श वाजली. "थांबा, सगळे जागच्या जागी थांबा!" रान एकदम चिडीचूप झालं.

तोमोने ट्रकच्या चाकाच्या जागी बसली होती. गॉगल कपाळावर सरकवलेला, एका हातात चष्मा, दुसऱ्या हातात सदऱ्याचं टोक. दोन्ही काचा पांढऱ्या झाल्यावर, कुणी बघत नाहीये तोवर झटकन पुसून घेऊ, असं तिने ठरवलं होतं. डाव्या भुवईच्या हाडावर वाटाण्याएवढं लाल टेंगूळ आलं होतं आणि त्यातून रक्त झिरपत होतं. डोळा त्याच्या खाली अर्ध्या बोटावर होता. उघडा.

"दिसतंय? तोमोने, दिसतंय का तुला?" कुरातांचा आवाज ओळखू येत नव्हता.

"दिसतंय, बाबा. दिसतंय."

इशिगेबाईंनी तिला मांडवात आणलं, डोळ्यात नीट बघितलं, जखमेवर बर्फ धरला. मागोमाग रानातली सगळी माणसं येऊन उभी राहिली. तोमोने बर्फाची पिशवी कपाळाला धरून उठली आणि कमरेत वाकली.

"माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा झाला. माफ करा."

तिच्या शेजारी कुराताही वाकले. "माफ करा. खेळ थांबवावा लागला."

समोरच्या लोकांनीही माना लववल्या. नाही नाही, असू दे, असं पुटपुटले. रीतीप्रमाणे सगळं झालं. आता पुढचा डाव सुरू व्हायला हरकत नव्हती. पण इशिगेबाईंनी शिट्टी टेबलावर आपटली.

"माफी? माफी कसली मागताय? खोळंब्याची?"

त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली.

"पोरीचा डोळा अर्ध्या बोटाने वाचला. आणि ती माफी मागतेय ती कशाची, तर तुमची दहा मिनिटं गेली त्याची. आणि तुम्ही सगळे ती माफी घेताय पण." त्या तोमोनेकडे वळल्या. "पोरी, तुला दिसत नव्हतं ना? मग ओरडली का नाहीस?"

"डाव रंगात आला होता. सगळ्यांना थांबावं लागलं असतं."

"बरं. सकाळपासून तू हिट म्हणून ओरडलीस का?"

"दोनदा."

"तेव्हा लाज वाटली?"

"नाही. तो तर नियमच आहे."

"तेच म्हणतेय मी," इशिगेबाई आता सगळ्यांकडे बघत होत्या. "मी हरलो, मला लागलं, असं तुम्ही सगळे छाती काढून ओरडता. कुणी पाहिलेलं नसतं तरी ओरडता. इतका प्रामाणिक खेळ मी दुसरा बघितला नाही, म्हणून तर या वयात तो चालवते. मग मला दिसत नाही, हे ओरडायला काय धाड भरते? तो प्रामाणिकपणा नाही? लोकांना त्रास नको, लोकांना त्रास नको. हिचा डोळा गेला असता, तर तो त्रास कुणी आणि किती वर्षं काढला असता?" त्या जरा थांबल्या. "चूक माझीही आहे. सकाळी मला ठाऊक होतं. मी मुखवटे पुढे केले आणि यांनी नको म्हटल्यावर गप्प बसले. मीही कुणाला अवघडवायला नको म्हटलं. आता विचारते. सकाळपासून किती जणांच्या काचेवर धुकं होतं? हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. चाळीस माणसं जमिनीकडे बघत होती.

कुरातांना आपल्या नोकरीतली अठ्ठावीस वर्षं आठवली. न समजलेल्या किती बैठकांत ते समजल्यासारखी मान हलवत बसले होते! फुकुओकाला पाठवलं तेव्हाही, मुलगी लहान आहे, मला जायचं नाही, हे शब्द जिभेवर होते. "चालेल," असंच ते तेव्हाही म्हणाले होते.

त्यांनी हात वर केला.

"मला पहिल्या डावापासून दिसत नव्हतं," ते म्हणाले. "समोर कोण आहे, गॉगल आहे की नाही, हे न दिसता मी चाप ओढला. ती माझी मुलगी होती. तिला चष्मा लागतो हे मला आज सकाळी गाडीत कळलं. बंदूक मी निवडून निवडून घेतली. गॉगल टोपलीतून उचलले. भाड्याचा मुखवटा घातला तर लोक नवखा म्हणतील, म्हणून मी तिच्याही वतीने नको म्हणालो." ते मुलीकडे वळले आणि वाकले, लोकांपुढे वाकले होते त्याहून खोल. "तोमोने, माफी मी तुझी मागायला हवी."

बर्फाच्या पिशवीमागे तोमोनेचे डोळे भरून आले होते.

मागच्या रांगेत एक हात वर झाला. मग एका जोडप्याचे दोन. मग इकडून एक, तिकडून एक. मोजले तेव्हा अकरा होते. बारावा हात सगळ्यांत महागडं जाकीट घातलेल्या माणसाचा होता.

"माझी डावी बाजू धूसरच असते," ओनुकी अपराधी चेहऱ्याने म्हणाला. "चार वर्षं झाली. साहेब, तुम्हाला दुकानात मीच..."

"तू सांगितलंस, पण ऐकलं मी," कुराता म्हणाले.

इशिगेबाईंनी मुखवट्यांची पेटी टेबलावर उपडी केली. हात वर केलेल्यांना एकेक मुखवटा चढवता चढवता त्यांचं तोंड चालूच होतं. "नवख्याने बंदूक विकत घ्यायचीच नाही. आधी तोंड आणि डोळे झाकणारं घ्या, स्वतःच्या तोंडाच्या मापाचं. चष्मा असेल तर चष्मा लावून दुकानात जा. ते चढवा आणि तिथेच वीस उठाबशा काढा. लोक हसले तर हसू दे. धुकं धरलं नाही तर तो गॉगल तुमचा. मग घोटा धरणारे बूट, इथे पाय छर्ऱ्याने नाही, मुळांनी मोडतात. मग हातमोजे. बंदूक भाड्याने घ्या चार-पाच वेळा. तेवढ्यात कळतं, आपण धावणारे की दबा धरणारे. ती घरी घेऊन जायची घाई कशाला?" मग त्यांनी शिट्टी पुन्हा गळ्यात अडकवली. "आणि आजपासून नवा नियम. दिसेनासं झालं की ओरडायचं, दिसत नाही. मी शिट्टी मारेन. सगळ्यांनी उभं राहायचं, आणि जवळ जो असेल त्याने त्याला हाताला धरून मांडवात आणायचं. दुसऱ्या बाजूचा असला तरी."

कुरातांनी मुलीला गावातल्या रविवारच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दिव्याखाली डोळा तपासला, डोळ्याला काही झालेलं नाही म्हणाले, भुवईवर चिकटपट्टी लावली. दुखलं किंवा अंधुक दिसलं तर लगेच या, असं बजावलं. औषधाची वाट बघत दोघं बाकावर बसली.

"तू सकाळीच का नाही सांगितलंस, चष्म्यावर गॉगल नीट बसत नाही म्हणून?"

"तू इतक्या हौसेने आणला होतास. वाईट वाटलं असतं तुला." तोमोने हसली आणि भुवई दुखली म्हणून थांबली. "आणि तू? तुला दिसत नव्हतं तर?"

"तुला माझी लाज वाटली असती."

"बाबा, तू त्या जाकिटात कसा दिसतोस माहितेय? लाज तर मला सकाळीच वाटली होती."

कुराता इतके मोठ्याने हसले की औषधवाल्या बाईंनी मान वर करून पाहिलं. मग बापाने एक प्रश्न विचारला, जो सहा वर्षं विचारायचा राहिला होता. मी नव्हतो तेव्हा काय काय झालं, सांगशील? तोमोने सांगू लागली. हायस्कूलच्या दुसऱ्या वर्षी फळ्यावरची अक्षरं पुसट दिसायला लागली तिथून तिने सुरुवात केली. त्यांचा नंबर आला, औषध मिळालं, तरी दोघं बराच वेळ त्या बाकावरून उठली नाहीत.

"घरी जायचं?" शेवटी कुरातांनी विचारलं.

"नाही. शेवटचा डाव मिळेल अजून. मला खेळायचंय."

"नक्की? की चालेल म्हणून?"

"नक्की."

रानात परतली तेव्हा दुपारची करी-भाताची पंगत उठून गेली होती. इशिगेबाईंनी दोघांसाठी उकडलेल्या शेंगांची परडी झाकून ठेवली होती. त्या शेंगा खाऊन दोघांनी पिवळ्या पट्टीचे मुखवटे चढवले आणि पट्टे घट्ट आवळले. आता दोघंही निळ्या तुकडीत होती.

डाव मध्यावर आला. तोमोने पुढे गेली होती, कुराता तिच्या मागे वीस पावलांवर एका ओंडक्याआड होते. समोर लाल तुकडी कोंडीत सापडली होती. अजून दोन मिनिटं, की जिंकले. आणि नेमक्या त्याच वेळी त्यांच्या मुखवट्यातल्या पंख्याची घरघर बंद पडली. बॅटरी संपली असावी. त्यांना आपला श्वास ऐकू आला आणि बघता बघता समोरचं हिरवं रान पांढरं झालं.

जुनी सवय सहजासहजी जात नाही. दोन मिनिटं तर आहेत, असं मनाने म्हटलं. गप्प बसून राहू, कुणाला कळणारही नाही. डाव रंगात आहे. चाळीस माणसं आहेत.

कुरातांनी हात उंच केला. "दिसत नाही!" ते ओरडले. विभागप्रमुख मोरियो कुराता आयुष्यात इतक्या मोठ्याने कधी ओरडले नव्हते.

शिट्टी वाजली. रानातला प्रत्येक माणूस होता तिथे थांबला. कुणी "च्च" केलं नाही. कुणी घड्याळ पाहिलं नाही. झाडांत डास घोंघावत होते, आणि लाल तुकडीत कुणीतरी मानेवर चापट मारल्याचा आवाज आला, तेवढाच.

पानांवर पावलं वाजली आणि एका हातमोज्याने त्यांचा हात धरला.

"काढू नकोस मुखवटा," तोमोने म्हणाली. "सावकाश चल. पुढे मूळ आहे, पाय उचल. हं, असा."

ती शेवटची या हाताला धरून चालली होती तेव्हा रस्ता ओलांडायला बापाची गरज तिला होती. आता ती त्यांना घेऊन निघाली होती, आणि वाटेत दोन्ही तुकड्यांची माणसं बाजूला सरून जागा करून देत होती.

मंडळी, या गोष्टीतून घ्यायचं ते हेच. नव्या छंदाला लागाल तेव्हा आधी जीव राखणारं घ्या, मिरवायचं मागाहून घ्या, आणि नवखेपणाची पट्टी कपाळावर लागली तर लागू द्या. आणि जे दिसत नाही, समजत नाही, झेपत नाही, ते मोठ्याने सांगा. लोकांचा खोळंबा होईल म्हणून घाबरू नका, लोक थांबतात.

"बाबा," मांडव जवळ आल्यावर तोमोने म्हणाली, "पुढच्या महिन्यात पुन्हा येऊ या ना?"

मुखवट्याच्या आत कुरातांची काच आता धुक्याने नव्हे, तर पाण्याने भरली होती. "येऊ या," ते म्हणाले, "पण आधी तू माझ्याबरोबर दुकानात चल."